झुनी रौप्यकाम : सूक्ष्म खड्यांचे कोंदण आणि ‘हस्तनिर्मित’ या संकल्पनेचा इतिहास

प्रस्तावना

अमेरिकेच्या नैऋत्येस, न्यू मेक्सिको राज्याच्या पश्चिम सीमेलगत, झुनी हे प्राचीन आदिवासी गाव वसलेले आहे. येथील लोक स्वतःला ‘आशिवी’ म्हणवतात. त्यांची भाषा जगातील कोणत्याही ज्ञात भाषाकुलाशी जोडता आलेली नाही. मातीच्या व दगडांच्या सलग घरांच्या अशा गावांना स्पॅनिश लोकांनी ‘प्वेब्लो’ हे नाव दिले व तेच पुढे रूढ झाले. आज हे गाव ज्या वस्तूंसाठी जगभर ओळखले जाते त्यांत चांदीच्या दागिन्यांचा क्रम फार वरचा आहे. मनगटाच्या रुंदीएवढ्या एका चांदीच्या कंकणावर सुईच्या टोकासारखे निमुळते, निळे, शंभराहून अधिक खडे, प्रत्येक स्वतंत्र कोंदणात बसवलेले, असे काम येथील कारागीर स्वतःच्या घरात बसून करतात.

पर्यटकांसाठी छापलेल्या पुस्तिकांमधून आणि दुकानांच्या जाहिरातींमधून या कामाचे वर्णन ‘हजारो वर्षांची परंपरा’ असे केले जाते. हे विधान अर्धे खरे आहे. खड्यांचे काम हजार वर्षांहून जुने आहे; चांदीचे काम मात्र इ. स. १८७२ च्या सुमारास या गावात आले. त्या दोहोंच्या संयोगातून निर्माण झालेली सूक्ष्म खड्यांची जडणघडण तर विसाव्या शतकाच्या दुसऱ्या चरणातील आहे. म्हणजेच जिला अतिप्राचीन समजले जाते ती कला रेल्वे, सावकारी आणि कायदा या तिन्हींच्या नंतरची आहे. या कलेतील खडे इतके लहान का झाले आणि ‘हाताने घडवलेले’ म्हणजे काय हे ठरविण्याचा अधिकार कोणी बजावला, या दोन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. हे दोन प्रश्न वरकरणी वेगळे दिसतात. ते तसे नाहीत.

पिरोजा : चांदीपूर्वीचा काळ

झुनी कामातील प्रमुख खडा म्हणजे पिरोजा. मराठीत हा शब्द फारसीतून आला, कारण आपल्याकडे येणारा पिरोजा इराणातील निशापूरच्या खाणींतला होता. युरोपात तो तुर्की व्यापाऱ्यांमार्फत पोहोचल्याने तेथील भाषांत त्याला ‘तुर्की दगड’ या अर्थाचे नाव मिळाले. अमेरिकेतील पिरोजा मात्र तेथल्याच मातीतला. रासायनिकदृष्ट्या तो तांबे व अॅल्युमिनियम यांचा जलयुक्त फॉस्फेट आहे. निळा रंग तांब्यामुळे येतो व लोहाचे प्रमाण वाढले की तो हिरवटपणाकडे झुकतो. कठीणपणाच्या मोजपट्टीवर तो पाच ते सहा या अंकांदरम्यान येतो, म्हणजे माणिक वा नीलमण्याच्या तुलनेत पुष्कळ मऊ. तो सच्छिद्र आहे, तेल व घाम शोषून घेतो, आणि त्यात पाण्याचा अंश असल्यामुळे उष्णता त्याला सोसत नाही. हा शेवटचा गुणधर्म लक्षात ठेवावयास हवा, कारण पुढील सर्व कारागिरीची रचना त्याच्याभोवती झालेली आहे.

सांता फे शहराजवळील सेरिओस टेकड्यांमधून पिरोजा काढण्याचे काम स्पॅनिश लोक येण्यापूर्वी अनेक शतके चालू होते. चाको खोऱ्यातील ‘प्वेब्लो बोनितो’ या भव्य वास्तूच्या उत्खननात पिरोजाचे हजारो मणी व लटकनी सापडल्या आहेत. झुनी लोकांच्याच पूर्वजांचे हाविकू हे गाव इ. स. १९१७ ते १९२३ या काळात फ्रेडरिक वेब हॉज याच्या देखरेखीखाली उत्खनित झाले, तेव्हा तेथे पिरोजाच्या बारीक तुकड्यांचे जडावकाम केलेले केशभूषेचे फणीवजा अलंकार मिळाले. शिंपल्यावर वा लाकडावर डिंकासारख्या चिकट द्रव्याने एकमेकांना भिडवून बसवलेले हे तुकडे पाहिले, की धातूविना जडावकाम होऊ शकते याची खात्री पटते. तुकडा वाळूच्या दगडावर घासणे, दोरीच्या फिरत्या सामत्याने त्याला भोक पाडणे, शेजारच्या तुकड्याशी त्याची कड जुळेपर्यंत पुन्हा घासणे ही कौशल्ये येथे पिढ्यान्‌पिढ्या होती.

हाविकू गावाला आणखी एक इतिहास आहे. सोन्याने मढवलेल्या ‘सिबोलाच्या सात नगरां’च्या शोधात निघालेला कोरोनादो इ. स. १५४० च्या जुलै महिन्यात येथेच येऊन थडकला. त्याने गाव लढून घेतले. सोने मात्र त्याला मिळाले नाही. मौल्यवान धातूच्या लोभाने आलेल्यांना मिळाले ते मका व निळे दगड. यानंतर सुमारे सव्वातीनशे वर्षांनी चांदी या गावात आली ती मात्र वेगळ्या वाटेने.

चांदीचे आगमन

ती वाट नवाहो या शेजारच्या जमातीतून जाते. नवाहो हे मेंढपाळ आणि घोडेस्वार. मेक्सिकन सोनारांनी घडवलेली चांदीची बटणे, लगामाची सजावट व पट्ट्यांवरील चकत्या ते लोकरीच्या व जनावरांच्या मोबदल्यात घेत असत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास अत्सिदी सानी या नवाहो पुरुषाने एका मेक्सिकन लोहाराकडून लोखंडकाम शिकून घेतले. जमातीतील आद्य धातुकारागीर म्हणून त्याचेच नाव घेतले जाते. तो चांदीकडे नेमका कधी वळला याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. तथापि या कामाचा खरा प्रसार इ. स. १८६८ नंतर झाला, हे बहुतेकांना मान्य आहे. हे साल साधे नाही. किट कार्सनच्या मोहिमेत नवाहोंची शेते व फळबागा जाळण्यात आल्या आणि इ. स. १८६४ मध्ये हजारो लोकांना बोस्के रेदोंदो येथील बंदिवासात शेकडो मैल पायी नेण्यात आले. चार वर्षांनंतर तह होऊन ते परतले, तेव्हा कळप नष्ट झालेले होते. संपत्ती अंगावर बाळगता येईल अशा रूपात साठवण्याची निकड त्या पिढीला वाटली असल्यास आश्चर्य नाही. दागिना ही येथे चैन नव्हती. ती बचत होती, आणि अडचणीच्या वेळी व्यापाऱ्याकडे गहाण टाकण्याची वस्तूही होती.

फोर्ट विंगेट येथे लष्करी शल्यचिकित्सक असलेल्या वॉशिंग्टन मॅथ्यूज याने नवाहो रौप्यकारांवर लिहिलेला निबंध इ. स. १८८३ मध्ये प्रसिद्ध झाला. या विषयावरील तो पहिला तपशीलवार दस्तऐवज होय. त्यात बोकडाच्या कातड्याचा भाता, सापडेल त्या लोखंडी तुकड्याची ऐरण, मातीच्या मुशी, वालुकाश्मात कोरलेले साचे, पितळेची फुंकणी, कानशी व टाकणखार अशी साधनांची नोंद आढळते. मराठी वाचकास ही यादी परकी वाटणार नाही. खेड्यातील जुन्या सोनाराचे दुकान याहून फारसे वेगळे नसे. कच्चा माल म्हणजे चांदीची नाणी. अमेरिकन डॉलर ९० टक्के शुद्ध चांदीचा असे. नाणी वितळविण्यावर सरकारी निर्बंध कडक होऊ लागल्यावर मेक्सिकन पेसो वापरात आला, आणि पुढे व्यापारी एकेक औंसाच्या चांदीच्या गोळ्या व तयार पत्रा पुरवू लागले.

झुनी गावात चांदीकाम आणले ते अत्सिदी चोन या नवाहो कारागिराने. इ. स. १८७२ च्या सुमारास तो तेथे येऊन राहिला आणि लान्यादे नावाच्या झुनी पुरुषाला त्याने आपली विद्या दिली. तत्पूर्वी झुनी कारागीर तांबे व पितळ हाताळत असत. लान्यादेने ही विद्या पुढे होपी गावांपर्यंत पोहोचवली. मानववंशशास्त्रज्ञ जॉन अडेअर इ. स. १९३८ मध्ये झुनीत गेला तेव्हा लान्यादे अतिवृद्ध होता, पण बोलण्याच्या स्थितीत होता. आज उपलब्ध असलेला आरंभकाळाचा बराचसा वृत्तांत त्या मुलाखतींवर उभा आहे. अडेअरचा ‘द नवाहो अँड प्वेब्लो सिल्व्हरस्मिथ्स’ हा ग्रंथ इ. स. १९४४ मध्ये प्रसिद्ध झाला. एका माणसाच्या स्मरणावर एका कलेची वंशावळ उभी असणे इतिहासाच्या दृष्टीने थोडे धोक्याचे असते, हे येथे नमूद करणे इष्ट ठरेल. परंतु त्याला समांतर असा दुसरा लेखी पुरावा फारसा नाही.

चांदीत पिरोजा बसविण्याचा आरंभ नवाहोंकडे इ. स. १८८० च्या सुमारास आणि झुनीत त्यानंतर सुमारे दहा वर्षांनी, किनेश्दे या कारागिराच्या हातून झाला असे मानले जाते. म्हणजे धातुकाम येऊन पोहोचल्यावरही खडा आणि चांदी यांची गाठ पडायला जवळजवळ दोन दशके लागली.

रेल्वे, व्यापारी आणि हलका दागिना

इ. स. १८८१ मध्ये लोहमार्ग गॅलप येथे पोहोचला आणि झुनीच्या उत्तरेस चाळीसेक मैलांवर बाजारपेठ उभी राहिली. त्या लोहमार्गावर उपाहारगृहे व हॉटेले चालविणाऱ्या फ्रेड हार्वी कंपनीने इ. स. १८९९ पासून एक नवी रीत सुरू केली. आधीच कापलेले पिरोजाचे खडे आणि चांदी व्यापाऱ्यांकडे द्यावी, त्यांनी ती कारागिरांकडून घडवून घ्यावी, आणि दागिना वजनाने हलका असावा. आदिवासी स्वतःसाठी जो दागिना घडवीत तो जड असे, कारण चांदीचे वजन हीच त्याची पत. पूर्वेकडून आलेल्या प्रवाशाला तेवढे वजन नको होते. त्याला आठवण म्हणून नेता येईल अशी स्वस्त वस्तू हवी होती. एकाच वस्तूचे दोन ग्राहक आणि दोघांच्या कसोट्या परस्परविरुद्ध, अशी ही स्थिती होती. नवाहो दागिन्याचा इतिहास पुष्कळ अंशी या ओढाताणीचा इतिहास आहे.

झुनीत मात्र याच परिस्थितीने वेगळे वळण घेतले. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकाच्या अखेरीस सी. जी. वॉलेस हा व्यापारी तेथे आला आणि पुढील काही दशकांत झुनी दागिन्यांचा सर्वांत मोठा खरेदीदार बनला. नेवाडातील खाणींमधून उत्तम प्रतीचा पिरोजा तो आणवी, चांदी व हत्यारे उधारीवर देई, तयार माल घेऊन खात्यात वळता करी आणि काय घडवावे याविषयी सूचनाही करी. अशा व्यापाऱ्याकडे केवळ शोषक वा केवळ आश्रयदाता म्हणून पाहणाऱ्या दोन्ही मांडण्या अपुऱ्या आहेत. कारागिरास कच्च्या मालासाठी भांडवल लागत नव्हते, ही त्या व्यवस्थेची सोय. आणि मालाची किंमत ठरविण्याचा अधिकार कारागिराकडे नव्हता, ही तिची किंमत. आपल्याकडील हातमाग व्यवसायातील सूत देऊन कापड घेणाऱ्या व्यापाऱ्यांचा अभ्यास ज्यांनी केला आहे त्यांना यातील हिशेब ओळखीचा वाटेल.

इ. स. १९२० च्या आगेमागे झुनीतील रौप्यकार हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढेच होते. अडेअर तेथे पोहोचला तोपर्यंत त्यांची संख्या अनेक पटींनी वाढलेली होती. झुनी समाज मातृवंशीय आहे व घर स्त्रीच्या मालकीचे असते. काम घरातच चालत असल्याने स्त्रिया त्यात आल्या. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अनेक झुनी पुरुष सैन्यात गेल्यावर त्यांचा सहभाग आणखी वाढला. बहुतेक घरांत एकाने चांदी घडवावी व दुसऱ्याने खडे घासावेत अशी विभागणी दिसते. पण कोणते काम पतीचे व कोणते पत्नीचे हे घरोघर बदलत असे.

सूक्ष्म खड्यांचे कोंदण

याच काळात, स्थूलमानाने इ. स. १९२० ते १९५० या तीन दशकांत, खडे लहान होत गेले. प्रथम मोठ्या खड्याभोवती फुलाच्या पाकळ्यांसारखे खड्यांचे वर्तुळ आले. मग मधला मोठा खडा लहान झाला आणि पाकळ्यांची संख्या वाढली. त्यातून दोन प्रकार स्थिर झाले. ‘पेटी पॉइंट’ या प्रकारात खडा गोल, लंबगोल किंवा थेंबाच्या आकाराचा असतो. ‘नीडल पॉइंट’ प्रकारात तो दोन्ही टोकांना निमुळता, सुईसारखा. दुसऱ्या प्रकारात खड्याची रुंदी दोन मिलिमीटरांपेक्षाही कमी असू शकते. याखेरीज सापाच्या डोळ्याएवढ्या गोल, घुमटाकार ठिपक्यांच्या ओळी बसविण्याची एक तऱ्हा आहे, तसेच चांदीच्या भिंतींमधील खाचांत पिरोजा, शिंपला, पोवळे व काळा जेट दगड पृष्ठभागाशी समतल घासून बसविण्याचे जडावकामही आहे. प्रस्तुत लेखाचा रोख पहिल्या दोन प्रकारांवर आहे.

या कामाची कृती समजून घेतल्याशिवाय त्यातील श्रमाचा अंदाज येत नाही. प्रथम पिरोजाच्या ढेकळातून चकत्या कापतात. चकत्यांचे पट्टे आणि पट्ट्यांचे तुकडे होतात. हा तुकडा बोटांनी धरता येण्याजोगा नसतो. म्हणून आगकाडीएवढ्या काडीच्या टोकावर लाखेसारखे मेण तापवून त्यावर तो चिकटवतात आणि काडी फिरवीत फिरवीत चाकावर घासतात. पूर्वी हे चाक हाताने वा पायाने फिरवीत, पुढे त्याला विजेची मोटर आली. चाक बदलले तरी मोजमाप डोळ्यांनीच राहिले. एका कंकणावरील शंभर खडे एकसारखे दिसावयास हवेत. आणि मऊ दगड चाकावर क्षणभर जास्त टेकला की तो लहान होतो. मोठा झालेला खडा पुन्हा घासता येतो, लहान झालेला टाकून द्यावा लागतो.

दुसरीकडे चांदीचा पत्रा कापून त्यावर प्रत्येक खड्याचे घर तयार करावयाचे असते. जवळजवळ शुद्ध चांदीची, कागदासारखी पातळ पट्टी पकडीने खड्याच्या आकारात वळवतात, तिची टोके झाळून जोडतात आणि अशी शेकडो घरे पत्र्यावर नक्षीच्या क्रमाने मांडतात. सांध्यांवर टाकणखार लावून झाळेचे कण ठेवतात व संपूर्ण पत्रा सारख्या आचेवर तापवतात. झाळ वितळते त्या तापमानात आणि दागिन्याची चांदी वितळते त्या तापमानात फार तर दोन-अडीचशे अंशांचे अंतर असते. पत्रा जाड असल्याने तो उशिरा तापतो, कोंदणाची पट्टी पातळ असल्याने लवकर. ज्योत एके जागी रेंगाळली तर पट्टी क्षणात गोळा होऊन बसते. चांदीच्या चुऱ्यावर ज्योत धरली की तो आपोआप गोलाकार रव्यांत रूपांतरित होतो. हे रवे आणि पीळ दिलेली तार खड्यांच्या ओळींच्या कडेने बसवतात. आम्लात धुऊन काजळी काढल्यावर धातूचे काम संपते.

त्यानंतरच खडा बसवतात. पिरोजाला आच सोसत नाही, म्हणून खडा घरात गेल्यावर दागिन्याला पुन्हा ज्योत दाखवता येत नाही. एक सांधा निखळलेला नंतर लक्षात आला तर आजूबाजूचे सर्व खडे काढावे लागतात. खड्याच्या तळाशी लाकडाचा बारीक भुसा घालण्याची जुनी पद्धत होती. त्याने खडा वर उचलला जाई व दाब देताना तडकत नसे. ओलावा लागल्यास मात्र भुसा फुगून खडा सैल होई. शेवटी पट्टीची कड खड्यावर दाबून वळवतात. कोंदण हा शब्द ज्या कुंदन पद्धतीशी निगडित आहे त्या भारतीय रीतीत शुद्ध सोन्याचे पातळ वर्ख थंड असतानाच खड्याभोवती दाबून बसवतात. साधन व धातू वेगळे. अडचण एकच, की आगीशिवाय खडा धरून ठेवावयाचा.

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. खडे इतके लहान का झाले? एकच एक कारण देणे अवघड आहे. एकसारख्या रंगाचा, रेषाविरहित मोठा पिरोजा दुर्मीळ व महाग असतो, लहान तुकडे मात्र कोणत्याही ढेकळातून निघतात. मणी व जडावकामाची पूर्वापार चालत आलेली दृष्टी झुनी हातांत होतीच. गोऱ्या ग्राहकांना नाजूक नक्षी आवडत असे. तथापि या सर्वांपेक्षा दोन कारणे अधिक वजनदार वाटतात. पहिले असे, की झुनी कुटुंबाकडे भांडवल नव्हते, श्रम मात्र होते. ज्या वस्तूत माल कमी आणि मेहनत जास्त अशा वस्तूतच त्यांचा वाटा वाढत होता. दुसरे कारण यंत्राशी संबंधित आहे. इ. स. १९२० च्या दशकात अल्बुकर्क व अन्य शहरांतील कारखान्यांत पोलादी ठशांच्या दाबयंत्रांनी चांदीचे ‘इंडियन’ दागिने निघू लागले. दाबयंत्र पत्रा कापते, फुगवते, त्यावर नक्षी उठवते. नवाहो कामाचा बराचसा डौल चांदीच्या घडणीत व ठशांत असल्यामुळे त्याची नक्कल यंत्राला सोपी गेली. परंतु शंभर निरनिराळ्या खड्यांसाठी शंभर घरे जुळविण्याचे काम त्या काळी कोणत्याही यंत्राच्या आवाक्यात नव्हते. झुनी कारागिरांनी हे योजून केले असा पुरावा नाही. पण त्यांच्या मालातील मूल्य हळूहळू यंत्राचा हात पोहोचत नव्हता तेथे जाऊन बसले, असे अनुमान मात्र करता येते.

‘हस्तनिर्मित’ची सरकारी व्याख्या

यंत्रनिर्मित मालाविरुद्धची तक्रार इ. स. १९३० च्या दशकाच्या आरंभी संघराज्य व्यापार आयोगापुढे गेली. अल्बुकर्कच्या मैझल ट्रेडिंग पोस्टच्या कार्यशाळेत काम करणारे कारागीर आदिवासीच होते. मात्र चांदीचे पत्रे यंत्राने लाटलेले व दाबयंत्राने कापलेले असत. अशा दागिन्यास ‘इंडियन’ म्हणावे काय, हा वादाचा मुद्दा होता. अपील न्यायालयाने इ. स. १९३५ मध्ये जो मध्यममार्ग काढला त्याचा आशय असा, की विक्री करण्यास हरकत नाही, परंतु तुकडे दाबयंत्रावर कापलेले व फुगवलेले आहेत हे ग्राहकास सांगितले पाहिजे. प्रश्न माणसाच्या जातीचा की त्याच्या हातातील हत्याराचा, हा गुंता मात्र सुटला नाही.

त्याच वर्षी, आदिवासी व्यवहार आयुक्त जॉन कॉलियर याच्या धोरणानुसार, आदिवासी कला व हस्तव्यवसाय मंडळाची स्थापना कायद्याने झाली. इ. स. १९३७ मध्ये नवाहो, प्वेब्लो व होपी चांदीकामासाठी सरकारी मानके जाहीर झाली. त्यांनुसार चांदी किमान ९० टक्के शुद्ध असावी. तयार पत्रा वापरू नये, औंसाची गोळी हातोडीनेच ठोकून पातळ करावी. तार हाताने बनवलेल्या जंतरातूनच ओढावी. खड्यांची घरेही तशीच हाताने केलेली असावीत. पिरोजा अस्सल व रंग न दिलेला असावा. आणि खडे हाताने वा पायाने चालणाऱ्या चाकावरच कापावेत. या कसोट्यांना उतरणाऱ्या दागिन्यावर सरकारी तपासनीसाने शिक्का मारावयाचा होता.

हेतू चांगला होता, यात शंका नाही. परंतु ही मानके वाचताना ती ज्यांच्यासाठी केली त्यांच्या घरात डोकावून केलेली नाहीत असे वाटत राहते. गोळी ठोकून पत्रा करण्यात कारागिराचा जो वेळ जाई तो ग्राहकाच्या नजरेस कधीच पडत नसे व त्याचा मोबदलाही मिळत नसे. म्हणूनच तयार पत्रा मिळू लागताच त्याने तो स्वीकारला होता. झुनी कामात तर श्रम एकवटलेले होते खड्यात व त्याच्या घरात. तयार पत्र्यावर बसवलेले शंभर हातघडणीचे खडे सरकारी व्याख्येत बसत नव्हते. गोळीपासून ठोकलेले साधे कडे बसत होते. कलेची शुद्धता इ. स. १८८० च्या एका काल्पनिक क्षणाशी बांधून टाकली की असे होते. शिक्का मिळालेले दागिने एकूण उत्पादनाच्या मानाने अत्यल्पच राहिले आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ही योजना बंद पडली.

अर्धशतकानंतर इ. स. १९९० मध्ये झालेल्या कायद्याने हा दृष्टिकोन बदलला. त्याने हत्याराचा प्रश्न बाजूस ठेवला व उत्पादकाच्या ओळखीचा प्रश्न पुढे आणला. जी वस्तू मान्यताप्राप्त जमातीच्या सदस्याने वा जमातीने प्रमाणित केलेल्या कारागिराने बनवलेली नाही ती तशी असल्याचे भासवून विकणे हा गुन्हा ठरला. व्यक्तीस पहिल्या गुन्ह्यासाठी अडीच लाख डॉलरांपर्यंत दंड आणि पाच वर्षांपर्यंत कारावास अशी तरतूद त्यात होती. मैझल खटल्यात अनुत्तरित राहिलेल्या गुंत्यातील एक धागा अशा रीतीने कायद्याने तोडला, दुसरा तसाच सोडून दिला. विजेच्या चाकावर घासलेला झुनी खडा आता निर्विवादपणे झुनी होता.

नावे, नकला आणि खाण

इ. स. १९७० च्या दशकात पिरोजा व चांदी यांच्या दागिन्यांना अमेरिकेत अभूतपूर्व मागणी आली. ‘अॅरिझोना हायवेज’ या मासिकाच्या इ. स. १९७४ मधील विशेष अंकांनी तिला खतपाणी घातले. मागणीबरोबर नकलाही आल्या. प्लॅस्टिक, रंगवलेला दगड, आणि पुढे समुद्रापलीकडून आलेले, नक्षीने हुबेहूब पण मजुरीने स्वस्त असे दागिने. पूर्वी यंत्राला जे साधले नव्हते ते अन्य देशांतील स्वस्त हातांना साधले, ही बाब या इतिहासात विशेष बोचरी आहे. फिलिपाइन्समध्ये बनवलेले दागिने आदिवासी कारागिरांचे म्हणून विकल्याबद्दल इ. स. २०१५ मध्ये न्यू मेक्सिकोत संघीय छापे पडले आणि इ. स. २०१८ मध्ये एका विक्रेत्यास सहा महिन्यांचा कारावास झाला. कायदा झाल्यापासून शिक्षेपर्यंत पोहोचलेली अशी प्रकरणे विरळच.

दुसरी अडचण मालाची. सूक्ष्म कामासाठी रेषाविरहित, एकसारखा आकाशी निळा दगड लागतो आणि अॅरिझोनातील ग्लोब शहराजवळची ‘स्लीपिंग ब्यूटी’ खाण त्यासाठी दीर्घकाळ प्रमुख आधार होती. ही मुळात तांब्याची खाण. पिरोजा हे तिचे दुय्यम उत्पादन. इ. स. २०१२ मध्ये तेथील पिरोजा काढणे थांबविण्यात आले व शिल्लक मालाची किंमत झपाट्याने चढली. मऊ दगडात राळ मुरवून तो टणक करण्याची पद्धत आधीपासून होती, तिचे महत्त्व त्यानंतर वाढले. अस्सल पिरोजाची इ. स. १९३७ ची व्याख्या केवळ रंग देण्यापुरती बोलत होती. राळ मुरवलेल्या दगडाबद्दल काय म्हणावे, हे ती सांगत नाही.

इ. स. १९७० पूर्वीच्या बहुसंख्य झुनी दागिन्यांवर कारागिराचे नाव नाही. आता मागील बाजूस सही असते, आणि पुष्कळदा ती पती-पत्नी दोघांची जोडनावाने केलेली असते. जुन्या, निनावी वस्तूंचा प्रश्न मात्र तेवढ्याने सुटत नाही. वॉलेसने आपल्या संग्रहातील सुमारे पाचशे वस्तू फीनिक्स येथील हर्ड संग्रहालयास दिल्या आणि उरलेल्या मोठ्या संग्रहाचा इ. स. १९७५ च्या नोव्हेंबरमध्ये जाहीर लिलाव झाला. त्या लिलावाच्या सूचीत अनेक दागिन्यांपुढे प्रथमच कारागिरांची नावे छापली गेली, आणि आज संग्रहालयांतील जुन्या झुनी दागिन्यांची नावनिशी बऱ्याच अंशी त्या सूचीवर अवलंबून आहे. नावे सांगणारा खरेदीदार होता. त्याच्या वह्या व स्मरण हाच आधार. घरात चांदी एकाने झाळलेली व खडे दुसऱ्याने घासलेले असत, हे वर आलेच आहे. व्यापाऱ्याच्या वहीत मात्र एका दागिन्यापुढे सहसा एकच नाव येई, आणि ते माल दुकानात घेऊन आलेल्या माणसाचे असे.